टॉवेलवरची आडवी रेघ

मंगळवार, संध्याकाळ

व्यंकटने मला न विचारता बदल केलाच. यंत्रमागावर नक्षी विणून घेणारी आमची छोटी प्रोग्रामिंग भाषा आम्ही दोघांनी मिळून लिहिली. तिच्यात वापरून झालेली मेमरी लगेच मोकळी व्हायची. वेग कमी, पण चाल एकसारखी. त्याने वापरलेली मेमरी साठू देऊन एकदम साफ करायची पद्धत आणली. वेग वाढला, हे मान्य. पण साफसफाईत प्रोग्राम क्षणभर थांबतो, माग थांबत नाही. तो जुनीच ओळ पुन्हा विणतो. म्हणून टॉवेलवर आडवी रेघ.

हे मी आधीच सांगितलं होतं. "तू म्हणतेस तसंच ठेवू," म्हणाला होता.

आज एमआयडीसीत कारखान्याच्या मालकांनी रेघेवर बोट ठेवलं. "हे काय ओ?"

"मेमरीचं सगळं मॅडम बघतात," व्यंकट म्हणाला. अडखळलाही नाही.

मी गप्प राहिले. का? त्याला चारचौघांत खोटं पाडायचं नव्हतं म्हणून? की कानांवर विश्वासच बसला नाही?

"घेऊन जावा ताई, पुसायला चालतंय की," मालक हसले.

टॉवेल समोर आहे. रेघ हाताला लागत नाही, फक्त दिसते. उद्या जुनी पद्धत परत आणेन, रेघ जाईल. पण ते काम व्यंकटशेजारी बसून करणार नाही.