पाठ नसलेली खुर्ची

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो होतो. उठताना कंबर धरली, म्हणून पुढचं बसून लिहितोय.) तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळी मजेत आहेत, फक्त मी कालपासून गरगरतोय. त्याची हकिगत अशी.

आपल्या खुर्च्यांच्या दुकानाचं अ‍ॅप सूनबाई करतेय. उघडल्याबरोबर म्हणे बाबांनी, म्हणजे मी, केलेली पहिली खुर्ची फिरताना दिसली पाहिजे. म्हणजे तीच, जिच्यावर बसून तू लोकांचे कपडे शिवलेस आणि मला उभं केलंस. तिचा आमच्याकडे एकच फोटो, त्यातही तू बसलेली. सूनबाईने तुला त्यातून अलगद उठवलं (धक्का लागला नाही ना?), सपाट खुर्चीला खोली दिली, म्हणजे पडद्यावर सगळ्या बाजूंनी फिरेल अशी केली, आणि माउस माझ्या हातात ठेवला. मी सवयीने आधी लाकूड ठोकून पाहिलं, तर काच वाजली. "फोडा आता!" इति तुझी भावजय.

मग माउस ओढला आणि ताई, खुर्ची वळली गं! पाय घासल्याचा आवाज नाही, कुरकुर नाही. झोपेत कुणी आपल्याला उचलून नेतं ना, तशी. सूनबाई फोनवर आहे असं बघून मी फिरण्याचा मध्य जरा बाजूला सरकवला, तर खुर्ची चंद्रासारखी पडद्याआड गेली आणि सावकाश दुसऱ्या कडेने उगवली. पुन्हा गेली, पुन्हा उगवली. दरवेळी वाटायचं, या खेपेला तू बसूनच येणार. एवढ्यात मागून आवाज, "अहो, फिरतंय कोण? ती का तुम्ही?" बघतो तर माझी चाकाची खुर्चीही फिरलेली आणि माझं तोंड भिंतीकडे.

सूनबाईने मध्य जागेवर आणला, खुर्ची पाठमोरी केली, आणि मागे काहीच नाही! नुसता राखाडी गुळगुळीतपणा. फोटोत जे नव्हतं ते येणार कुठून? "बाबा, मागे पट्ट्या होत्या का सलग फळी?" मीच केलेली खुर्ची, आणि मला आठवेना. (मी कायम तुझ्यासमोर बसून सुईत दोरा ओवायचो ना.) दिलं ठोकून, "वेलबुट्टी होती." ती उठली. पलीकडच्या खोलीत जाऊन नवऱ्याला हळूच म्हणाली (माझे कान तुला माहीत आहेत), "खोटी पाठ लावून नाही फिरवणार मी. रविवारपर्यंत खरी मिळाली नाही तर ही खुर्ची काढून टाकते." तिच्या जागी येणार ती चाकाची, ऑफिसातली. तिला फिरवायला लागतंय कोण!

भावजींना नमस्कार लिहायला हात अजून आपोआप पुढे जातो.

तुझा,
धाकटा

ता. क. खुर्ची तुझ्याकडेच आहे, तेव्हा तिच्या पाठीचा एक फोटो लगेच पाठव.

ता. क. २ नको पाठवू. फोटो पाठवलास की तू सुटलीस. भावजी गेल्यापासून उंबरा ओलांडलेला नाहीस. तुझ्या लेकाशी बोललोय, शनिवारी तो गाडी काढतोय. खुर्ची मागे, तू पुढे. इथे एकही पायरी चढायची नाही.

ता. क. ३ पाकीट चिकटवता चिकटवता आठवलं. सलग फळी होती, आणि कात्री अडकवायला एक वाकडा खिळा. तू मागे न बघता हात न्यायचीस आणि कात्री बरोबर हाताला लागायची. सूनबाईला सांगणार नाही. तूही हे वाचलेलं नाहीस.