मी दिलेला नकार

प्रिय विजयसिंह,

गेल्या वर्षी तुम्ही लग्नाचं विचारलंत, तेव्हा मी म्हणाले, "तुम्ही मला आवडत नाही." ते खोटं होतं. बारा वर्षांच्या संधिवातानं मी बेचाळिशीतच म्हातारी झाले होते. सकाळी वेणी घालायला आई लागायची. शाळेत खडू धरता आला, तर तो दिवस चांगला. त्या दिवसापलीकडचं मला काही दिसत नव्हतं, आणि तुम्ही तर घर बांधायचं बोलत होतात.

गेल्या महिन्यात आईनं मुरगूडच्या बाजारातून म्हशीची लहान रेडी आणली. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिचे गुडघे माझ्या बोटांइतकेच दुखतात.

मी चिडून म्हणाले, "हिनं दूध द्यायला तीन वर्षं जातील. तोवर कोण राहतंय?"

"मी हाय की," आई म्हणाली. "आनि तू कुठं चाललीयास?"

मी तिच्याशेजारी गोठ्यात बसले आणि कितीतरी दिवसांनी पुढचा विचार केला. तीन वर्षांनी मी शेहेचाळीस वर्षांची असेन. दुखणं असेलच, पण मीही असेन.

त्या विचारानंच पुढे हे पत्र लिहायला घेतलं. अर्ध्यावर असतानाच शाळेतल्या अंतराबाईंकडून कळलं, की वैशाखात तुमचं लग्न झालं. आता हे पाठवणार नाही. तुमच्या घरात ते कुणी वाचू नये.

त्या संध्याकाळी मी खूप रडले, विजयसिंह. रडताना मी म्हातारी नव्हते.

तुमचं भलं व्हावं असं वाटणारी,
क्रांती