भरमाचं नवं पुस्तक

शहापूर, बेळगाव
रविवार, दुपारची वेळ

ती. वसुधाआक्कास,

शहापूरहून उपेंद्रचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण गुडघ्यांनी साफ नकार दिल्यामुळे सध्या हात आणि डोकं एवढंच पुढं पाठवतो आहे, बाकीची अंगं जमेल तशी मागून येतील. तुझी तब्येत कशी आहे? कानाचं यंत्र लावतेस का, की अजून डबीत घालून जपून ठेवलं आहेस? (परवा फोनवर मी एवढं काही सांगत होतो आणि तू मधेच विचारलंस, जेवलास का. म्हणून आता पत्र.) शिवणयंत्रावरचा तुझा वाचायच्या पुस्तकांचा ढीग कुठवर आला? मागं निपाणीला आलो तेव्हा त्याच्यामागं खिडकी होती हे आठवणीनंच ओळखावं लागलं. आमचा ढीग पलंगाच्या उंचीचा झाल्यावर बायकोनं त्यावर चादर घातली, आणि आता आलेल्या पाहुण्याला ती खुशाल तिथं बसायला सांगते. कालच एक वजनदार गृहस्थ माझ्या न वाचलेल्या तीन कादंबऱ्यांवर बसून चहा पिऊन गेले. एकूण इकडं सर्व ठीक आहे, काळजी नसावी.

विषय भरमाचा आहे. त्याला विसर पडतो. चष्मा कुठं ठेवला, किल्ली कुठं गेली, असा तुमचा-आमचा विसर नव्हे. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिलं आहे आणि गोळ्या दिल्या आहेत. नाव कुणाच्याच लक्षात राहत नाही आणि गोळ्या उपासनेच्या लक्षात राहतात. (उपासना म्हणजे त्याची लेक. कॉलेजात केमिस्ट्री शिकवते आणि घरी येऊन आप्पांना सांभाळते.) कालव्यांच्या खात्यात त्यानं इंजिनिअर म्हणून जन्म काढला, त्यामुळं कुठल्या शिवारात पाणी कुठून वळतं हे तो अजून झोपेतून उठवलं तरी बिनचूक सांगेल. पण नाश्ता झाला का, हे तो ताटली उचलता उचलता विचारतो. एकेक माणूस, एकेक गोष्ट त्याच्याकडून निघून चालली आहे. मेहुण्याचं नाव गेलं, शेजारी गेले, घराचा रंग गेला. मला भीती एकाच गोष्टीची होती, की या रांगेत माझा नंबर कधी लागणार.

आमचा शनिवारचा रिवाज तुला सांगायला नको, कारण तो लावलासच तू. शाळेच्या सुट्टीत मी निपाणीला तुमच्याकडं आलो होतो, तुझ्या वाचनालयाच्या टेबलावर मी आणि एक अनोळखी पोरगा एकाच निळ्या कव्हरच्या पुस्तकाला हात घालून उभे होतो, आणि दोघंही सोडत नव्हतो. तू टेबलामागून उठलीस, आमचे हात सोडवलेस आणि म्हणालीस, "हा उपेंद्र, हा भरमा. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकायचं." तेव्हापासून ते तसंच चालू आहे. नवं पुस्तक ज्यानं घेतलं त्यानं ते शनिवारी दुसऱ्याच्या हातात द्यायचं, दुसऱ्यानं पहिलं पान मोठ्यानं वाचायचं, आणि मग तोंड गोड करायला बेळगावी कुंदा. एवढं झाल्याशिवाय पुस्तक घरात आलं असं आम्ही धरत नाही. (ढिगावर चढवायचा विधी ठरला, उतरवायचा ठरवायला आम्ही विसरलो, त्याचे परिणाम पाहुणे भोगत आहेत.) तुझा दुसरा नियमही आम्ही पाळतो. स्वतःच्या पुस्तकावर नाव पेन्सिलीनं घालायचं, कारण आपल्या मागं ते कुणाकडं तरी जाणार. दुसऱ्याला दिलं तर मात्र शाईनं, कारण दिलेलं परत घ्यायचं नसतं.

तर आमच्या पुस्तकवाल्या स्वरूपच्या दुकानात मध्यंतरी कुणाच्या तरी घरातली जुनी पुस्तकं आली आणि त्यात ते निळं पुस्तक निघालं. तेच, समुद्रप्रवासाचं. (लेखक गोव्याच्या पुढं कधी गेला नव्हता असा भरमाचा पहिल्यापासून दावा आहे, पण त्यानं आमचं प्रेम कमी झालं नाही.) छापणारे कधीच दुकान बंद करून बसले, त्यामुळं बाजारात मिळणारी ही एकुलती एक प्रत. भरमा ती छातीशी धरून आला. "उपेंद्रा, बघ रं काय गावलंय. लई दिवस हुडकत हुतो." मी पहिलं पान वाचलं, कुंदा खाल्ला, दोघंही जरा हळवे झालो. पुढच्या शनिवारी तो पुन्हा दुकानात गेला आणि ते पुस्तक मागू लागला. नाही म्हटल्यावर त्या फळीवरून हात फिरवत कितीतरी वेळ उभा राहिला. घरी येऊन जेवला नाही. काहीतरी हरवलंय, एवढंच उपासनेला सांगत राहिला. तिनं बिचारीनं कपाटातून काढून तेच पुस्तक पुढं ठेवलं. त्यानं बघितलं आणि बाजूला सारलं. घरात असलेल्या पुस्तकाचा आनंद वेगळा आणि दुकानात सापडलेल्याचा वेगळा, हे तिला कळलं नाही, तुला-मला कळेल.

म्हणून आम्ही तिघांनी, म्हणजे मी, उपासना आणि स्वरूपनं, एक उद्योग आरंभला. भरमानं शनिवारी पुस्तक घ्यायचं, मला दाखवायचं. आठवड्यात कधीतरी उपासनेनं ते हळूच काढून त्यावरचं पेन्सिलीचं नाव खोडायचं, मी ते लपवून दुकानात न्यायचं आणि स्वरूपनं पुन्हा त्याच फळीवर ठेवायचं. सगळं आयुष्य शाळेत कॉपी पकडण्यात घालवून उतारवयात मी चोरटी वाहतूक करतो आहे. पहिल्या खेपेला मी पुस्तक स्वेटरच्या आत घातलं. आधीच पोट, त्यावर पुस्तक. भरमा म्हणाला, उपेंद्रा, जेवण जरा बेतानं घे. फाटकाशी पोचलो आणि स्वेटरनं दगा दिला. पुस्तक धपकन त्याच्या पायाशी. त्यानं उचललं, धूळ झटकली आणि डोळे मोठे करून माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, संपलं सगळं. तर म्हणतो, हे तुला कुठं गावलं, मला वाचायला दे की. मग काय, मी त्याचंच पुस्तक त्याला उसनं दिलं, आणि लवकर परत करीन असं त्यानं मला वचन दिलं. जन्मभर त्यानं माझी पुस्तकं वेळेवर परत केली आहेत आक्का, माझ्यासारखी नव्हे. हे एकच राहिलं.

नंतर मी भाजीच्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली ठेवून नेऊ लागलो. पुढच्या शनिवारी भरमाला आत मेथीचं वाळकं पान सापडलं. तो खूश झाला. हे ज्याचं होतं तो जेवताना वाचणारा होता, म्हणजे आपल्यातलाच, असं त्याचं मत पडलं. खोडून खोडून पहिला कागद इतका झिजला आहे की नाव पुसलं तरी दाबलेली अक्षरं उरतात. भरमानं एकदा तो कागद उजेडात तिरका धरला, बोट फिरवलं आणि म्हणाला, अक्षर चांगलं होतं माणसाचं. उपासना चहाचं भांडं घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

सांबऱ्याची हकीकत तर तुझ्या शेजाऱ्यांनाही वाचून दाखव. स्वरूप लग्नाला गेला आणि दुकानात मेहुण्याला बसवून गेला. मेहुणा कर्तबगार निघाला. वर्षानुवर्षं न हललेली पुस्तकं त्यानं त्या दिवशी विकली, आणि त्यात आमचं निळंही एका गृहस्थाला देऊन टाकलं, जो तासाभरात विमानानं हैदराबादला निघणार होता. मेहुण्यानं कौतुकानं त्याचा नंबर लिहून ठेवला होता म्हणून बरं. मी पलंगाजवळच्या ढिगातून हाताला लागेल ते पुस्तक उपसलं, रिक्षात बसलो आणि सांबऱ्याच्या विमानतळावर जाऊन धडकलो. दारावरच्या जवानाला मी हिंदीत, मग कन्नडमध्ये समजावलं की मला विमानात बसायचं नाही, विमानातून एक पुस्तक उतरवायचं आहे. त्यामुळं त्याचा संशय दुप्पट झाला. गृहस्थ देवमाणूस. फोन केल्यावर बाहेर आला, भरमाची गोष्ट उभ्या उभ्या ऐकली आणि पुस्तक माझ्या हातात ठेवलं. मी माझं त्याला दिलं. माझा ढीग एकानं कमी झाल्याची ही पहिली आणि शेवटची नोंद. (कुठलं दिलं ते घरी आल्यावर कळलं आणि दोन दिवस हळहळलो. वाचलं नव्हतं, तरी.)

एवढ्या धडपडीतून शनिवार मिळायचा. दर शनिवारी भरमा नव्यानं हरखायचा आणि मी तेच पान नव्यानं वाचायचो. आता पुस्तक बंद ठेवलं तरी येतं मला. जहाज सुटलं तेव्हा धक्क्यावर निरोप द्यायला कुणी आलं नव्हतं, इथून सुरुवात होते. दुसऱ्या वाक्यानंतर मी खाकरतो, ती जुनी मास्तरी खोड. किनारा दिसेनासा होतो तिथं मी चष्मा काढून पुसतो, आणि तेवढ्या वेळात भरमा "वा" म्हणतो. वाचायला मला कधी कंटाळा आला नाही. तो "वा" म्हणतो तोवर माझा नंबर आलेला नाही, असं मी धरून चाललो होतो.

काल शनिवार. मी गेलो तेव्हा तो पडवीत खुर्चीवर होता, मांडीवर निळं पुस्तक. माझ्याकडं बघून तो हसला, पण वर्गणी मागायला आलेल्या सभ्य माणसाकडं बघून हसतात तसं. "या, बसा," म्हणाला. आक्का, या माणसानं मला जन्मात कधी "या" म्हटलेलं नाही. मी बसलो. माझी नजर पुस्तकावर आहे हे त्याच्या ध्यानात आलं. तुम्हाला वाचायची आवड दिसते, म्हणाला, आणि सरळ ते पुस्तक माझ्या हातात देऊ लागला. "न्या तुम्ही. लई चांगलं हाय. मी काय, परत हुडकून घेईन." मग परत घेऊन खिशातलं पेन काढलं, पहिला झिजलेला कागद उघडला आणि विचारलं, "नाव काय घालू?"

मी नाव सांगितलं. त्याला फार आनंद झाला. "आमचा एक दोस्त हाय, त्याचंबी नाव उपेंद्रच. वाचतो कमी, घेतो लई." आणि शाईनं, वळणदार अक्षरात माझं नाव लिहिलं. पुस्तक हातात आल्यावर पहिलं पान मी वाचायला हवं होतं, पण मी पान उलटायचं सोडून त्या शाईवर फुंकर घालत बसलो. भरमालाच माझी दया आली असावी. तो म्हणाला, "थांबा. आमचा उपेंद्र कसा वाचतो, दावतो." त्यानं डोळे मिटले आणि पान म्हणायला लागला. एकही शब्द चुकला नाही. दुसऱ्या वाक्यानंतर खाकरला. किनारा दिसेनासा झाला तिथं त्यानं स्वतःचा चष्मा काढून पुसला आणि थांबून राहिला, कुणीतरी काही म्हणायची वाट बघावी तसा. मग मी "वा" म्हटलं. फाटकापर्यंत पोचवायला आला तेव्हा जरा कष्टी होता. उपेंद्र शनिवारी चुकवत न्हाय, म्हणाला, आज का आला न्हाय कुणास ठाऊक.

बाकी काय लिहू. कानाचं यंत्र डबीतून काढ, औषधं वेळेवर घे, ढिगाखाली शिवणयंत्र आहे हे विसरू नकोस. मोठ्यांना नमस्कार लिहायचा प्रघात आहे, पण आता मोठी तूच उरलीस.

तुझा धाकटा,
उपेंद्र

ता. क. मुख्य काम राहिलंच. तुझ्याकडं त्या निळ्या पुस्तकाची प्रत आहे. ढिगात तळाशी असणार, कारण तू ती घेतल्यापासून वाचणार आहेस. माझ्या प्रतीवर आता शाई आहे, ती दुकानात जाऊ शकत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती कुणालाही द्यायची नाही. तुझं नाव पेन्सिलीचं आहे तेवढं खोड आणि बेळगावच्या एसटीच्या ड्रायव्हरकडं दे, मी स्टँडवर थांबतो. फक्त उन्हात ठेवू नकोस. तुमच्या घरामागच्या वखारीमुळं तुझ्या सगळ्या पुस्तकांना तंबाखूचा वास येतो, त्यावरून मी तुला इतकी वर्षं चिडवत आलो. भरमाची आई सोनुबाई त्याच वखारीत कामाला होती. वास राहू दे.

ता. क. दुसरा. पुस्तक ड्रायव्हरकडं देऊ नकोस, तूच घेऊन ये. वर मी सर्व ठीक आहे असं लिहिलं आहे, ते सवयीनं. ठीक नाही. तो दर शनिवारी उपेंद्रची वाट बघणार आणि मी समोरच बसलेला असणार, हे मला एकट्याला झेपायचं नाही. तुझं सांगणं आम्ही दोघांनीही कधी मोडलेलं नाही. शनिवारी ये, आमच्या दोघांच्या मधे उभी राहा, आणि आमची ओळख करून दे.