घाटातल्या मजुरांचं प्रकरण

पनवेल, १२ मार्च २००९

जिंकले! पीएचडीची तोंडी परीक्षा झाली, प्रबंध मान्य!

प्रबंध एका जुन्या रेल्वे कंपनीच्या इतिहासावर. त्यातून बोरघाटातल्या मजुरांचं प्रकरण काढून टाका, असं माझे मार्गदर्शक सर सतत सांगत होते. "कंपनीचा इतिहास म्हणजे भांडवल, करार, रूळ. मजूर कशाला?" मी ते काढलं नाही. हट्टच का? असेल.

आज बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी नेमकं तेच प्रकरण उघडलं.

"पटकीनं माणसं मरत होती, तरी बायका दगड वाहत राहिल्या. हे सगळ्यांत आधी छापा," त्या म्हणाल्या. सरांनीही मान डोलावली!

घरी येऊन अम्मीला सांगितलं. तिनं गॅलरीत जाऊन अख्ख्या मोहल्ल्याला ओरडून सांगितलं, "आमची नसीम डॉक्टर झाली!"

मी तिला थांबवलं नाही.