साबीर चाचांचा सहावा हिस्सा

मी, लुबना हुसेन परकार, वय एकतीस, अविवाहित, मूळची रत्नागिरीची, सध्या मुक्काम फिंतास, कुवेत, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे आणि कोणावर रुसूनही नव्हे, माझ्यामागे काय कोणाचे व्हावे ते लिहून ठेवत आहे. येत्या मंगळवारी माझ्या मेंदूतील एका फुगलेल्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी धोक्याचे प्रमाण सांगितले. वैद्यकात ते लहान समजतात. दाबमापके आणि प्रवाहमापके तपासून प्रमाणित करणे हे माझे काम आहे. त्यात एवढी चूक असलेले उपकरण मी परत पाठवते.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले.

१. माझी माणसे अशी: आई झुलेखा, रत्नागिरीत. थोरली बहीण शाझिया, इंग्लंडमध्ये एका वृद्धाश्रमात सेविका. तिचे पती यूसुफभाई, इथेच कुवेतमध्ये, जहऱ्यात एका दुकानात हिशेबनीस. त्यांची मुलगी लैला, वय बारा. तिची शाळा जवळ पडते म्हणून आठवडाभर माझ्याकडे राहते, जुम्याला वडिलांकडे जाते. आणि वडिलांचे सख्खे भाऊ साबीर चाचा, चाळीस वर्षे इंग्लंडमध्ये, ब्लॅकबर्नला.

२. शरीयतप्रमाणे मृत्युपत्राने मला एक तृतीयांशच देता येते, तेही वारस नसलेल्याला. ते लैलाला. उरलेल्यातील अर्धे शाझियाचे, तिसरा हिस्सा आईचा. वडील हयात नाहीत आणि मला भाऊ नाही, म्हणून राहिलेला सहावा हिस्सा साबीर चाचांकडे जातो. तो अडवता येतो का, हे मी गेल्या वर्षी दोन मौलवींना विचारले होते. येत नाही. आता अडवायचाही नाही. कारण कलम ६ मध्ये आहे.

३. रत्नागिरीचा दोन खोल्यांचा ब्लॉक आई आहे तोवर कोणी विकू नये. तिथल्या गच्चीवर पाण्याची टाकी बसवणाऱ्याने झडप उलटी बसवली आहे. मी दोनदा सांगितले. त्याने दोनदा मला "तुम्ही बायका" असे म्हटले. ती झडप सरळ करून घ्यावी, पण त्याच्याकडून नव्हे.

४. माझी स्वतःची हत्यारे, म्हणजे मल्टीमीटर, पेचकसांचा संच आणि निळ्या पेटीतील सर्व काही, शेजारच्या अबू हलीफा भागातले इलेक्ट्रिशियन जयराम तांडेल यांना. ते वस्तू जागेवर ठेवतात. मला इथेच, सुलेबिखातच्या कब्रस्तानात पुरावे. मय्यत विमानाने नेऊ नये. कुवेतने मला कधी म्हटले नाही की तू इथली होशील, त्यामुळे या देशावर माझा राग नाही.

५. राग ज्या देशावर आहे तिथे मी कधी गेलेले नाही. तरी लिहिते, नाहीतर कलम ६ कळणार नाही.

दोन हजार सोळामध्ये ब्रिटनने युरोपपासून वेगळे व्हावे की नाही यावर मत घेतले. साबीर चाचांनी वेगळे होण्याच्या बाजूने मत दिले, आणि मशिदीच्या हॉलमध्ये आमच्या कोकणी लोकांना बोलावून त्यांच्याकडूनही देववले. फोनवर मला म्हणाले, "अगो पोरी, ते पोलंडवाले गेले की त्यांच्या जागी कोण येणार? आपणच ना! सगळ्या भाच्या-पुतण्यांना आणतो बघ." मी विचारले, "असं कुठे लिहून दिलंय?" ते म्हणाले, "सभेत सांगितलं. मोठी माणसं होती." मी म्हटले, "चाचा, सभेत सांगितलं म्हणजे लिहून दिलं नाही." ते हसले. "तू मीटरच तपास."

काही वर्षांनी दार खरेच उघडले. म्हाताऱ्यांची सेवा करायला तिथे माणसे उरली नव्हती. चाचांनी त्यांच्या ओळखीच्या एका वृद्धाश्रमातून शाझियासाठी नेमणुकीचे पत्र मिळवले. तोपर्यंत तिथे पंतप्रधान इतक्या वेळा बदलले होते की त्यांच्या निवासाचा दरवाजा तोच, बाहेर येऊन बोलणारा माणूस नवा, आणि वाक्य जुनेच: आम्ही बाहेरच्यांना कमी करू. डिसेंबर दोन हजार तेवीसमध्ये जाहीर झाले की सेविकांना यापुढे मुले आणता येणार नाहीत. लागू कधीपासून, ते तेव्हा सांगितले नव्हते.

पुढच्या ऑगस्टमध्ये तिकडे दंगली झाल्या. चाचा त्यांच्या दुकानाच्या काचांवर फळ्या ठोकत होते आणि काही पोरे "घरी जा" म्हणून ओरडत होती. चाचांनी मला सांगितले, "मी ओरडून म्हटलं, अरे, मी तुमच्याच बाजूने मत दिलंय!"
"मग?"
"मग काय. बाटली आली."
त्या दिवशी मी हसले होते. त्याची मला लाज वाटते.

६. आता माझी गोष्ट. हे कलम शाझियाने स्वतः वाचावे.

आपा, तुझे नेमणुकीचे पत्र जानेवारी दोन हजार चोवीसच्या शेवटी आले. तू त्याच आठवड्यात अर्ज करणार होतीस. मी थांबवले. लैलाची वार्षिक परीक्षा चौदा मार्चला संपत होती, आणि मी म्हटले की तुझा व्हिसा त्याआधी आला तर पोरगी पेपरांत घाबरेल. शाळेचे वर्ष आपल्याकडे देवाने ठरवल्यासारखे पाळतात, मीही पाळले. तू विचारलेस, "आणि तो नवा नियम?" मी म्हटले, "ते नेते दहा वर्षं भाषणं देतायत, बाहेरून येणाऱ्यांचा आकडा वाढतोच आहे. भाषणापासून नियमापर्यंत यायला यांना वर्ष लागेल."

मी त्यांना तुच्छ समजत होते, म्हणून तपासले नाही. नियमांचे पान मी जानेवारीत पाहिले आणि नंतर थेट बारा मार्चला. मधल्या काळात त्यावर तारीख आली होती: अकरा मार्च. त्या दिवशी इथे पहिला रोजा होता. त्याआधी अर्ज केलेल्यांना मुले नेता येणार होती. तुझा अर्ज सतरा तारखेला गेला. आपल्याकडे तयार कागद सहा आठवडे पडून होते.

इथल्या दवाखान्यातली नोकरी तू सोडली होतीस, इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपत होता. तू एकटी गेलीस. पाच वर्षांनी तिथे कायमचे राहता येईल, मग लैलाला नेऊ, असे ठरले. आता सरकार दुसऱ्या पक्षाचे आहे आणि भाषा पहिल्याचीच. तिसरा पक्ष याहून मोठ्याने ओरडतो म्हणून हे दोघे त्याच्या मागे धावत आहेत. पाचाची दहा वर्षे करणार म्हणतात, तुझ्यासारख्या कामाला त्याहूनही जास्त. तेव्हा लैला मूल राहणार नाही. तुझ्या आश्रमातल्या बाई टीव्हीवर त्या तिसऱ्याचे भाषण ऐकून टाळ्या वाजवतात आणि तुला म्हणतात, "तू नव्हेस गं, बाकीचे." हे तू मला हसत सांगितलेस. मला हसू आले नाही.

ज्यांनी हे केले ते माझे मृत्युपत्र वाचणार नाहीत. पण पुढचे त्यांनी केलेले नाही, मी केले आहे.

तू पोचल्यावर म्हणालीस, "चाचांच्या माणसाने कागद उशिरा पाठवले असणार. वेळेत येते तर पोरगी आज माझ्याजवळ असती." मी फोनवर होते. तुला वाटत होते, पत्र आले त्याच सुमारास नियम लागू झाला; अकरा मार्चची तारीख मी तुला सांगितलीच नाही. तू चाचांकडे जाणे बंद केलेस. तासाभराच्या अंतरावर असून वीस महिने. चार ईदा गेल्या. त्या अख्ख्या देशात आपले एकच घर आहे आणि ते मी तुला बंद केले. चाचांनी मला विचारले होते, "शाझिया का येत नाही?" मी म्हटले, "ड्युटी असते." त्यांच्या मतावर मला राग होता, तो खराच होता, पण माझ्या चुकीचा राग त्याच खात्यावर टाकणे सोपे गेले.

कागद वेळेत आले होते. चाचांचा दोष मत देण्याचा. उशीर माझा.

७. लैलाला तिच्या वडिलांनी जहऱ्यात न्यावे की शाझियाने परत यावे, हे मी ठरवत नाही. फक्त तिला यापुढे कोणी वर्षांचा आकडा सांगू नये. गेल्या महिन्यात मी दहा वर्षांबद्दल सांगू लागले तर ती मोबाईलमधून डोके न काढता म्हणाली, "ओके खाला, व्हॉटएव्हर," आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसली. टाकी रिकामी झाली.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी यूसुफभाईंनी करावी.

पुरवणी, त्याच दिवशी, सह्यांपूर्वी.

साक्षीसाठी जयराम तांडेल आणि माझी सहकारी सुचित्रा केळकर घरी आले. जयरामभाऊंनी विचारले, "ताई, सही करायच्या आधी वाचलं तर चालेल?" साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण मी हो म्हटले. वाचून ते म्हणाले, "तुमची मालमत्ता अर्धं पान, आणि हे चाचांचं मोठं."

सुचित्राने कागद खाली ठेवला. "हे तुझ्या बहिणीला तू मेल्यावर कळणार?"
"मृत्युपत्र तेव्हाच वाचतात."
"म्हणजे ती चिडणार कोणावर? कबरीवर? तुला बरंय गं."

मी दोघांसमोर शाझियाला फोन लावला आणि कलम ६ जसे लिहिले आहे तसे वाचून दाखवले. तिने मध्ये थांबवले नाही.

मग म्हणाली, "अकरा तारीख तुला कधी कळली?"
"बारा मार्चला."
"आणि मी चाचांचं नाव घेतलं तेव्हा तुला माहीत होतं."
"हो, आपा."

तिच्या मागे कोणाच्या तरी खोलीची घंटा वाजत होती. ती बराच वेळ वाजली.

"मला जायला पाहिजे," ती म्हणाली. "त्या बाई एकट्या उठायला बघतात. पडतील." आणि फोन बंद झाला.

म्हणून शेवटचे कलम.

९. तिने मला माफ केले असे या कागदावरून कोणी समजू नये. मंगळवारपर्यंत तिचा फोन आला नाही तर कोणी तिला आठवण करू नये. आणि मंगळवारनंतर मी नसले, तर शेवटी धाकट्या बहिणीशी धड बोललीसही नाहीस, असे तिला कोणी, आईनेही, कधी म्हणू नये. मी साक्षीदारांसमोर लिहून देते: शाझियाने फोन रागाने ठेवला नाही. ती ड्युटीवर होती.

हे सर्व मी वाचून पाहिले. माझ्या म्हणण्याप्रमाणे आहे.

सही: लुबना हुसेन परकार

वरील सही आम्हां दोघांसमोर झाली, आणि फोनही आमच्यासमोर झाला:
१. जयराम तांडेल, अबू हलीफा
२. सुचित्रा केळकर, फिंतास

ठिकाण: फिंतास, कुवेत
रविवार, ७ डिसेंबर २०२५