धुऊन दिलेली हवा

प्रति,
मा. हवा तपासणी अधिकारी,
कचरा ज्वलन विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय : अर्जदाराच्या हातून सरकारी फिल्टर धुतला गेल्यामुळे समाधानकारक ठरलेली हवा रद्द करणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा 'परिसरातील हवा समाधानकारक' हा अहवाल, ज्याचे बरेचसे श्रेय अर्जदाराचे आहे.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा कचरा जाळण्याच्या भट्टीच्या कुंपणाला लागून असलेल्या गल्लीत धुलाईचे दुकान चालवतो. दुकानाच्या पाटीवर 'डाग राहिल्यास कळवा' असे लिहिलेले आहे. आजवर कोणी कळवलेले नाही. सदर वाक्य अर्जदाराने फुशारकीने लिहिले असून त्याचे परिणाम पुढे येतच आहेत.

१. गल्लीत खोकला वाढल्याच्या तक्रारीवरून आपल्या कार्यालयाने अर्जदाराच्या गच्चीवर हवा ओढून घेणारे एक यंत्र बसवले. यंत्राच्या पोटात पांढरी गोल चकती होती, हाताला जाड कापडासारखी लागणारी. आपले तंत्रज्ञ दर आठवड्याला येऊन ती काढून नेत व नवी बसवत. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "काका, जरा लक्ष ठेवा हं, सरकारी वस्तू आहे." अर्जदाराने लक्ष ठेवले. घोटाळा तिथूनच सुरू झाला.

२. तंत्रज्ञ येण्याच्या आदल्या दिवशी अर्जदाराने झाकण उघडून पाहिले असता चकती काळी ठिक्कर पडलेली आढळली. आपल्या गच्चीवर, आपल्या देखरेखीखाली सरकारी कापडाची ही दशा पाहून अर्जदाराला मेल्याहून मेल्यासारखे झाले. धुलाईवाल्याच्या घरी मळके कापड! उद्या साहेब काय म्हणतील? सबब अर्जदाराने चकती कोमट पाण्यात हलक्या हाताने धुतली, नीळ दिली, बेताची खळ दिली आणि वर फडके ठेवून इस्त्री फिरवून ती जागच्या जागी बसवली. सौभाग्यवती त्या वेळी म्हणाल्या, "नसता उपद्व्याप करू नका." त्यावर त्यांना धंद्यातले काही कळत नाही, असे अर्जदाराने सुनावले. ते वाक्य त्या अद्याप रोज जेवताना अर्जदाराला परत करतात.

३. यंत्र गच्चीवर असेपर्यंत सदर प्रकार दर आठवड्याला नेमाने घडला. तंत्रज्ञ चकती उजेडात धरून म्हणत, "वा काका, एवढी स्वच्छ हवा आम्हाला कुठे मिळाली नाही!" अर्जदार लाजून त्यांच्यापुढे चहा ठेवी. कौतुक नेमके कोणाचे चालले आहे, हे विचारण्याची बुद्धी त्याला झाली नाही.

४. यथावकाश अहवाल आला. धूळ नगण्य, काजळी नगण्य, विषारी अंश आढळला नाही. मात्र नीळ व खळ यांचे अंश आढळले असून 'स्रोत अज्ञात' अशी नोंद आहे. स्रोत हा अर्ज लिहीत आहे. या अहवालाच्या जोरावर भट्टीला रात्रपाळीची परवानगी मिळाली. आता दवाखान्यांचा कचरा, प्लास्टिक, जुन्या वायरी, सगळे तिथेच जळते. शेजारचे शिंपी दारात उभे राहून विचारतात, "हवेला इस्त्री केलीत, आता आमच्या छातीचं काय करता?" अर्जदार दुकानाचे दार अर्धे लोटून काम करतो.

५. महोदय, इथवर अर्जदार स्वतःला हसून घेत होता. यापुढे ते जमत नाही. अर्जदाराची लहान नात त्याच्याकडेच राहते. दुपारी दुकानातल्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर झोपते. हल्ली ती जिना चढताना मध्येच बसते आणि "आजोबा, थांबा," म्हणते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "या धुरातलं विष अंगात साठत जातं, मुलांना त्याचा त्रास जास्त. एकदा आत बसलं की सहजी निघत नाही." न निघणारा डाग अर्जदाराच्या धंद्यात आजवर आलेला नाही. कशाने निघेल, असे त्याने विचारले. "आधी धूर थांबायला हवा," त्या म्हणाल्या, "आणि रक्त तपासून घ्या." त्या तपासणीला आपल्या कार्यालयाची शिफारस लागते. ती मागण्यास अर्जदार नातीला घेऊन गेला असता खिडकीवरच्या बाईंनी तोच अहवाल पुढे सरकवला. "तुमच्याच गच्चीवरची हवा ना ही? चकतीवर घाण साठली तर आम्हाला कळणार. साठलीच नाही!" चकती कशासाठी असते, हे अर्जदाराला त्या खिडकीपाशी कळले. नात बोट धरून शेजारी उभी होती. तिच्याकडे बघवेना.

सबब विनंती की, सदर अहवाल रद्द करून यंत्र पुन्हा बसवावे, त्याला कुलूप घालावे आणि किल्ली अर्जदाराने कितीही मागितली तरी देऊ नये. तोवर भट्टीची रात्रपाळी बंद ठेवावी व गल्लीतल्या मुलांच्या रक्ततपासणीची शिफारस द्यावी. सरकारी चकती धुण्याची जी काही शिक्षा असेल ती अर्जदाराला मान्य आहे. ती सध्या नात भोगते आहे, एवढेच चुकते आहे.

पुराव्यादाखल एक वस्तू सोबत पाठवत आहे. गेल्या आठवड्यात पांढरीशुभ्र धुऊन चढवली होती, आज काढली. पुडीत बांधताना अर्जदाराचा हात दोन वेळा बादलीकडे गेला. सौभाग्यवतींनी तो धरून ठेवला.

आपला नम्र आणि यापुढे कशालाही हात न लावणारा,
(सही)
धुलाईवाला, भट्टीमागची गल्ली

दिनांक : आजचाच. वारा भट्टीकडून गल्लीकडे.

सोबत : नातीच्या उशीचा अभ्रा, नग एक. नाकातोंडाच्या जागी काळा डाग आहे. कृपया धुऊ नये.