इथं ‘जा’ म्हणतात

१२ नोव्हेंबर १९७२, पाथर्डी

पोचले एकदाची. एस.टी.त शेजारच्या बाईच्या मांडीवर एक कोंबडी होती, तिचा एक डोळा सुजला होता. मी म्हटलं, मी जनावरांच्याच दवाखान्यात कामाला निघाले आहे, उद्या हिला घेऊन या. ती म्हणाली, “बाई, उद्या हिचा रस्सा हाय.” सगळी गाडी हसली. मीही हसले. नवीन गावात हसत शिरावं, म्हणजे गाव आपलंसं होतं, असं माझे वडील, नाना, म्हणतात.

दवाखाना गावाबाहेर नगर रस्त्याला आहे. एक सेवाभावी मंडळ तो चालवतं. गाई-बैल सरकारी दवाखान्यात जातात. आमच्याकडे कुत्री, मांजरं, शेळ्या, कोंबड्या असे लहान जीव. पुढे पत्र्याची पडवी, आत जस्ताचा पत्रा ठोकलेलं टेबल, मागे पिंजरे आणि त्यांच्या पलीकडे माझी खोली. खिडकीतून एक बाभूळ दिसते. बाकी सगळा उजाड माळ. यंदा पाऊसच नाही.

डॉ. खिस्ती चाळिशीचे आहेत, एकटेच राहतात. त्यांनी विचारलं, कुत्र्यांना घाबरता का? मी म्हटलं, कुत्र्यांना नाही, हातून चूक होण्याला घाबरते. ते म्हणाले, मग आपलं जमेल, इथले रोगी तक्रार करत नाहीत. पुष्पावतीबाई मोठ्या नर्स. सगळे त्यांना पुष्पाताई म्हणतात. त्यांनी मला चहा दिला आणि माझ्या दोन वेण्या पाहून विचारलं, शाळा सुटली वाटतं?

१९ नोव्हेंबर

कामात हात बसतोय. सिरिंजा उकळणं, जखमा धुणं, पिंजरे झाडणं. काल मी उकळत्या भांड्यावरचं झाकण सारखं काढून बघत होते, तेव्हा पुष्पाताई म्हणाल्या, “इंदूबाई, भात नाही तो. शितावरून परीक्षा करू नका.” पण मला खात्री झाल्याशिवाय राहवत नाही. पाचवीपर्यंत नानांनी मला घरीच शिकवलं. पाटीवर एक अक्षर चुकलं तर सगळी पाटी पुसून पुन्हा लिहायची. ती सवय हाडात मुरली आहे.

बन्सी हा इथला शिपाई. झाडलोट करतो, मेलेली जनावरं मागच्या माळावर चुना टाकून पुरतो. त्याला दोन मुली आहेत आणि दोघींच्या नावानं तो इथल्या मांजरांना हाका मारतो.

२६ नोव्हेंबर

आज एक जीव मारताना पहिल्यांदा पाहिला. मारताना म्हणू नये, सोडवताना म्हणावं, असं डॉक्टर म्हणतात.

चांगुणा नावाची बाई कुत्रा घेऊन आली. जीपखाली सापडून त्याचा कणा मोडला होता, मागचे पाय लोंबत होते. तिचं सगळं घर उसाच्या तोडीला निघालेलं, ट्रक रस्त्यावर उभा. ती सारखी म्हणत होती, आमी गेल्यावर ह्येला कोन बघनार? त्याच्या गळ्यात तिनं लुगड्याची लाल चिंधी बांधली होती. ती काढू नका म्हणाली.

मी डोकं धरलं. डॉक्टरांनी सुई टोचली आणि शांतपणे म्हणाले, “जा बाबा.” पुष्पाताई म्हणाल्या, “जा.” चांगुणालाही त्यांनी म्हणायला लावलं. ती रडत म्हणाली, “जा रे लेकरा.” मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

माझ्या तोंडातून तो शब्द निघेना. आमच्या घरी कुणी कुणाला ‘जा’ म्हणत नाही. निघणाऱ्यानं ‘येते’ म्हणायचं, राहणाऱ्यानं ‘ये’ म्हणायचं. ‘जाते’ तर अभद्रच. मी नुसते ओठ हलवले. नंतर खाली वाकून त्याच्या कानात म्हटलं, “ये हं.” तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं.

संध्याकाळी पुष्पाताईंना विचारलं, असं का म्हणायचं? त्या म्हणाल्या, इथली रीत आहे. माझ्या आधीच्या बाईंनी मला शिकवली, मी तुम्हाला शिकवते. डॉक्टर म्हणाले, मी शास्त्र शिकलेला माणूस, तरी म्हणतो. का ते विचारू नका.

४ डिसेंबर

दुष्काळानं कामाचा ढीग लागला आहे. या आठवड्यात एक म्हातारी मांजर आणि शेळीची दोन करडं सोडवली. डोकं धरायला मीच असते, कारण माझ्या हाताखाली जनावर शांत राहतं, असं डॉक्टर म्हणाले. दिवसभर तेच वाक्य मनात घोळत होतं. प्रत्येकाच्या कानात मी ‘ये हं’ म्हणते. पुष्पाताईंना वाटतं मीही ‘जा’ म्हणते.

परवा सहादेव हॉटेलवाला त्याचं कुत्रं घेऊन आला. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं, लाळ गळत होती. म्हणाला, हाड आडकलंय घशात, दोन दिस झालं. डॉक्टरांनी बाही वर करून उघड्या हातानंच घसा चाचपला. त्यांच्या बोटाला आदल्या दिवशी तारेचा ओरखडा गेलेला होता. मी हातमोजे पुढे केले, तर म्हणाले, हाड बोटाला कळतं, रबराला कळत नाही. हाड काही सापडलं नाही. घसा सुजलाय म्हणाले आणि औषध दिलं. कुत्रं हॉटेलाच्या मागेच मेलं, असा काल निरोप आला.

११ डिसेंबर

दुपारी दवाखाना बंद असतो. उन्हात माळावर चिटपाखरू नसतं. मी पडवीत सुपारी कातरत बसले होते, तेव्हा बाभळीखाली एक कुत्रा दिसला. पुढच्या पायांवर उठलेला, मागचं अंग जमिनीला चिकटलेलं. मी वाटीत पाणी नेऊन ठेवलं. त्यानं वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो माझ्याकडे पाहत होता.

त्याच्या गळ्यात लाल चिंधी होती.

लाल चिंध्या पुष्कळ कुत्र्यांच्या गळ्यात असतात. मी आत आले. पुन्हा पाहिलं तेव्हा तो नव्हता, पण धुळीत कुणी पोतं ओढत आणावं तशी एक लांब रेघ होती, बाभळीपासून पहिल्या पायरीपर्यंत. बन्सीला दाखवली. त्यानं ती झाडली. मग म्हणाला, “बाई, ते कुत्रं मीच पुरलंय. लई खोल पुरलंय.” मी कुत्र्याचं नावही काढलं नव्हतं.

१३ डिसेंबर

रेघ आज पडवीत आली आहे.

पिंजऱ्यात एक तरणी शेळी होती. खुरात काटा, एवढंच. उद्या घरी जायची होती. सकाळी तिचे मागचे पाय लुळे पडलेले. डॉक्टरांनी पाठीवरून हात फिरवला. कणा मोडला होता, कशाचा धक्का नाही, काही नाही. बाकीची सगळी जनावरं आपापल्या पिंजऱ्यात एकाच कोपऱ्याला दाटून बसली होती, भिंतीकडे तोंड करून.

जो येतो तो आपलं मरण सोबत आणतो आणि जवळच्याला देतो, असं माझ्या मनात आलं. मी ते लगेच पुसून टाकलं. पण पुसल्यावरही अक्षरं दिसतातच.

१५ डिसेंबर

पुष्पाताईंना सगळं सांगितलं. रात्री माझ्या खिडकीत ती सोडवलेली म्हातारी मांजर येऊन बसते, बाहेर ती दोन करडं उभी असतात, तेही सांगितलं. त्या कापसाचे बोळे करत होत्या, त्यांचे हात थांबले. त्यांनी विचारलं, तुम्ही कानात म्हणता तरी काय? मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही आवतण दिलंत की हो!”

मग भर दुपारी त्यांनी मला दंडाला धरून पडवीत उभं केलं. कुत्रा वरच्या पायरीवर होता. त्या म्हणाल्या, बोलावलं तुम्ही, तर घालवायचंही तुम्हीच, त्याच्या तोंडावर. घशातून घोगरा आवाज निघाला. शेवटी म्हटलं, “जा.”

तो वळला. अंग ओढत माळावर गेला आणि उन्हात विरून गेला. मांजरीलाही म्हटलं. करडांनाही म्हटलं. शेळी मात्र वाचली नाही. पुष्पाताईंनी मला गूळ-पाणी दिलं. म्हणाल्या, आता निरोप देताना मोठ्यानं बोलायचं, मला ऐकू आलं पाहिजे.

३ जानेवारी १९७३

सगळं ठीक आहे. मी ‘जा’ म्हणते, मोठ्यानं म्हणते. कुणी येत नाही. संक्रांतीला घरी येणार का, असं नानांनी विचारलं आहे.

डॉक्टरांच्या उजव्या हाताला मुंग्या येतात. ते म्हणतात, थंडीनं.

२१ जानेवारी

डॉक्टरांनी आज चहाचा कप उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. घसा आवळला, मान मागे गेली, कप फुटला. मी वारा घालायला गेले तर नुसत्या पंख्याच्या झुळकीनं त्यांचं सगळं अंग ताठलं.

झटका ओसरला. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, “हाड नव्हतं, इंदूबाई.”

आम्हा तिघांनाही पिसाळलेलं जनावर ओळखता येतं. तिघांनीही त्या दिवशी हाडच शोधलं.

२२ जानेवारी

जीप आली. नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेणार, बन्सी सोबत. उपयोग नाही, हे डॉक्टरांना सगळ्यांत जास्त ठाऊक. तरी त्यांनी धुतलेला सदरा घातला, केस विंचरले. पायऱ्या उतरून वळले आणि रोज संध्याकाळी म्हणतात तसंच म्हणाले, “येतो, इंदूबाई.”

मी म्हटलं, “या.”

जिवंत माणसाला दुसरं काय म्हणणार? कुणी काय म्हटलं असतं?

जीप गेल्यावर पुष्पाताईंकडे पाहिलं. त्यांनी तोंडात पदर धरला होता.

२५ जानेवारी

डॉक्टर गेले. बन्सी परत आला. थोरल्या भावानं तिथंच अग्नी दिला. बन्सी सांगत होता, शेवटी शेवटी पाणी पाणी करत होते, आन् पाणी दावलं की वरडत होते. सांगता सांगता तो रडला. मी रडले नाही. मी फाटकाकडे पाहत होते.

२९ जानेवारी

दुपारी फाटक वाजलं. कुणी नाही. धुळीत चपलांचे ठसे होते, बाभळीपर्यंत.

बन्सीनं पाहिले. उद्यापासून येनार न्हाई म्हणाला. मला दोन पोरी हायेत, बाई.

३१ जानेवारी

बाभळीखाली उभे आहेत. धुतलेला सदरा. तोंड थोडं उघडं.

पुष्पाताई म्हणतात, आजच सांगा. मी पडवीपर्यंत गेले. त्यांनी मला पाहून मान लववली, नेहमीसारखी. मी परत आले. डॉक्टरांना ‘जा’ कसं म्हणू? त्यांनी मला हात धरून काम शिकवलं. आमच्याकडे भिकाऱ्यालाही कुणी असं —

मंडळाचा माणूस पिंजऱ्यातली जनावरं घेऊन गेला. पुष्पाताईंना म्हटलं, तुम्ही घरी जा. म्हणाल्या, तुम्हाला एकटीला टाकून कुठं जाऊ? आणि हसल्या. बघा, आता बरं ‘जा’ म्हणता आलं!

२ फेब्रुवारी

पायरीवर.

पुष्पाताईंनी चहा खाली ठेवला. घसा धरल्यासारखा वाटतो म्हणाल्या. रडून रडून असेल.

त्यांना कुत्रं चावलेलं नाही. ओरखडासुद्धा नाही. त्या फक्त माझ्यासाठी इथं राहिल्या.

३ फेब्रुवारी

त्यांना पाणी जात नाही. मी चमचा ओठाशी नेला — नको, ते लिहिता येत नाही.

त्या खुणेनं सांगतात. म्हणा. ते गेले तर मीही सुटेन. शेळी सुटली नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. पण शेळीच्या वेळी उशीर झाला होता. अजून वेळ आहे. असेल.

भिंतीसमोर उभी राहून म्हणते आहे. जा. जा. जा. डॉक्टर, जा.

४ फेब्रुवारी, दुपार

म्हटलं.

उंबऱ्याशी आले होते. तोंडाला फेस. आवाज मात्र तोच, शांत. विचारलं, आत येऊ का? मी चौकटीच्या दोन्ही बाजू धरल्या आणि म्हटलं. डॉक्टर, जा. जीभ चावली, रक्त आलं, पण शब्द स्पष्ट आला. पुष्पाताईंनी आतून ऐकला.

त्यांनी ऐकलं. वाईट वाटलं नाही त्यांना. मान लववली. उतरले — पायरी — बाभूळ — फाटक. आत पुष्पाताईंनी भांडं उचललं, मला आवाज आला, त्या पाणी पीत होत्या. घोट घोट. मी हसले. मोठ्यानं हसले.

फाटकाशी ते वळले. रोज वळतात तसेच. हात जोडले.

“येतो, इंदूबाई.”

आणि मी — हात आपोआप जुळले — शुद्ध, स्पष्ट, नानांनी शिकवल्यासारखं —

भांडं पडलं आत.

पुष्पाताई विचारताहेत, गेले का? गेले ना, इंदूबाई? फाटक वाजतंय. मी काय सांगू त्यांना, मी आत्ता डॉक्टरांना —